चिंताकीचे पत्र, गिरणीचे नाव

१

पत्र चिंताकीचे होते. पण त्याच्या माथ्यावर नाव उमटले होते बिदरच्या एका डाळगिरणीचे.

कलबुर्गीच्या एका वसतिगृह-समूहाने वर्षभराच्या तूरडाळीसाठी प्रस्ताव मागवले होते. अट एकच, पण कडक : डाळ महिलांच्या संस्थेचीच हवी, तिच्यामागे कोणी व्यापारी नको. चिंताकीच्या महिला डाळ उत्पादक संघाने दसऱ्याच्या दिवशी आपल्या वेबसाइटवरून प्रस्ताव धाडला. मजकूर संघाचा, दर संघाचे, सही अध्यक्ष सुशीलाबाईंची. कलबुर्गीत मात्र तो मेल उघडला, तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी 'त्रिशूळ डाळ मिल, बिदर' असे स्वच्छ दिसत होते. खरेदी समितीने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. संघ म्हणजे गिरणीचा मुखवटा, प्रस्ताव बाद. काही सांगायचे असेल तर शुक्रवारी दुपारी चार वाजता हजर राहावे.

गुरुवारी सकाळी सुशीलाबाई ते उत्तर घेऊन बिदरला रत्नपाल सूर्यवंशींच्या दारात उभ्या राहिल्या. रत्नपाल सरांनी तीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवले होते. आधी कार्यशाळेत लेथ, मग संगणक. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी कोणाचे यंत्र अडले की माणसे त्यांच्याकडेच येत.

"सर, त्रेचाळीस बायका हाव आमी," सुशीलाबाई म्हणाल्या. "चार वर्सं राबून नाव कमावलं. आता गावात काय म्हणायलेत ठाव हाय? ह्या पोरीनं आमाला गिरणीला विकलं म्हणायलेत!"

'ही पोरगी' त्यांच्यामागे उंबऱ्याबाहेरच थांबली होती. मंजुश्री चिंताकीचीच; तिची आई संघाची सभासद. बिदरमध्ये व्यंकट बिरादाराच्या 'सीमा वेब सेवा' या कचेरीत ती सर्व्हर सांभाळत असे आणि संघाची वेबसाइट त्याच सर्व्हरवर होती.

"आत ये," सर म्हणाले. "दसऱ्याच्या सकाळी सर्व्हरजवळ कोण होतं?"

"मी, सर."

"आणि?"

"आणिक कोणीच न्हाई," मंजुश्री म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र घोगरा. "म्हणून तर व्यंकटअण्णांनी काल माझ्याकडून किल्ली काढून घेतली."

२

व्यंकट सरांचा जुना विद्यार्थी. सर 'सीमा वेब सेवा'त शिरताच त्याने उठून खुर्ची पुसली, चहा सांगितला आणि सर विषयाला हात घालण्याआधीच स्वतः घातला.

"मला काय आनंद झाला का सर, पोरीला काढून? पण सगळा पुरावा तिच्याकडंच बोट दाखवायलाय."

"पुरावा नंतर. आधी पत्र जातं कसं, ते मला पहिल्यापासून सांग. मी काहीच जाणत नाही असं समज."

व्यंकटने सांगितले. एका सर्व्हरवर चार संस्थांच्या वेबसाइट होत्या, चार वेगवेगळी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते. पण बाहेर मेल पाठवायचे काम एकाच लहानशा प्रोग्रामकडे. कचेरीत त्याला सगळे 'डाकवाला' म्हणत. डाकवाल्याजवळ एक यादी असे : प्रत्येक डोमेनचे खाते, त्याचा पासवर्ड, आणि पाकिटावर घालायचे नाव. उलट बाजूने प्रत्येक वेबसाइटच्या सेटिंगमध्ये एक ओळ असे : माझी पत्रे अमुक खात्यातून पाठव.

"आणि ती ओळच नसेल तर?"

"तर डाकवाला आडत न्हाई, सर. यादीत जे खातं ठरीव म्हणून वर लिवलंय, त्याच नावानं पत्र धाडतो."

"वर कोणाचं खातं आहे?"

"त्रिशूळ गिरणीचं."

"ते का?"

व्यंकट जरासा हसला. "बोहणीचं गिऱ्हाईक, सर. माझ्या धंद्यात पैलं पाऊल तेंचं पडलं. बोहणीला खाली कसं ढकलायचं?"

सरांनी आपल्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एक टिंब मांडले. "म्हणजे चिंताकीची ओळ गेली होती."

"पार पुसलेली! काल कलबुर्गीचा बोभाटा कानावर आला, तवा मी सेटिंग उघडलं. ओळ न्हाई. मी परत लिवली, मशीन बंद करून चालू केलं, आता सगळं ठीक हाय. पण पुसली कवा, ते बगा." त्याने मेलची नोंदवही, म्हणजे लॉग, पडद्यावर आणला. "खंडेनवमीला सकाळी दहा पन्नासला चिंताकीचं पत्र गेलं, चिंताकीच्याच नावानं. दसऱ्याला सकाळी नऊ वीसला दुसरं गेलं, गिरणीच्या नावानं. आणि दसऱ्याला सकाळी हितं एकटी मंजुश्री."

"ओळ पुसली त्याची वेळ फाइलवर असेलच की."

"असती सर. पण मी काल दुरुस्त केली न्हाई का? आता कालचीच तारीख दाखवायलीय."

सर पडद्याकडे पाहत राहिले. हिशेब व्यंकट म्हणतो तसाच बसत होता, आणि जो एकमेव साक्षीदार बोलू शकला असता, त्याचे तोंड दुरुस्तीच्या नादात कायमचे बंद झाले होते.

"सगळ्या फाइलींची प्रत दे," ते म्हणाले. "चारही डोमेनच्या."

"पाच, सर. आळंदचं एक नवं कॉलेज येऊ लागलंय. तेंची साइट अजून चालू न्हाई केली, पण मी सोताच्या हातानं सगळं मांडून ठेवलंय."

३

त्रिशूळ गिरणीच्या व्यवस्थापकाचे नाव बालाजी. यंत्रांच्या घरघरीत त्याला वरच्या पट्टीत बोलायची सवय लागली होती.

"या, या सर! चोराला भेटाया आलाव?"

"चोर आहे का इथं, ते बघायला आलो."

"हाय की. अख्खं बिदर तेच म्हणायलंय. त्रिशूळनं बायकांचा संघ खाल्ला म्हणे, ढेकर बी दिला न्हाई!" त्याने हाताने डाळीची पूड झटकली. "पण सर, तुमी शिकलेले माणूस. मला सांगा, मी हे कामून करू? बायकांचीच डाळ घेणार म्हटल्यावर ते काम मला कुठं मिळतंय? उलट कलबुर्गीवाल्यांनी आमाला बी कळवलंय, पुढची तीन वर्सं तुमच्याकडून काय बी घेणार न्हाई. खाली-पिली बदनाम झालो."

"सर्व्हरवर तुमचा प्रवेश आहे?"

"आमच्या साइटपुरता. दुसऱ्याच्या खोलीची किल्ली व्यंकट कुणाला देत न्हाई. तेवढा माणूस पक्का हाय." मग एकाएकी त्याला हसू फुटले. "एक गंमत सांगू? दसऱ्याला संघाचं शुभेच्छांचं पत्र आलं मला. दरवर्षी येतंय, सगळ्या गिऱ्हाइकांना जातंय. ह्या वर्षी वर बगतो तर पाठवणारा कोण? त्रिशूळ डाळ मिल! मी मलाच सोनं वाटायलो, सर! बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, तुमाला दुसरं कोण देणार?"

सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून लॉगची प्रत काढली, गिरणीच्या दारातल्या उन्हात धरली आणि एकेका ओळीवर पेन्सिल टेकवीत खाली आले. दसऱ्याच्या सकाळपासून काल दुरुस्ती होईपर्यंत चिंताकीची चौदा पत्रे गेली होती. त्यांत कलबुर्गीचा प्रस्ताव होता; शुभेच्छा होत्या; कमठाण्याच्या एका शेतकऱ्याने भाव विचारला, त्याला उत्तर होते. चौदाच्या चौदा पत्रांवर गिरणीचे नाव.

"बालाजी," ते कागद घडी घालीत म्हणाले, "तुमच्या या गमतीनं निम्मा गुंता सुटला."

"आँ? तो कसा?"

"एक पत्र बिघडवायला आलेला माणूस चौदा पत्रं बिघडवत नाही. स्वतःच्या चोरीची चिठ्ठी तुम्हाला तर मुळीच धाडत नाही. यात कोणाचा डाव नाही. यात कोणाची तरी चूक आहे."

"मग ती पोरगीच चुकली म्हणा की!"

बालाजीने ते सहज म्हटले. पण परतताना सरांच्या डोक्यात तेच वाक्य घोळत राहिले. डाव नसला, तरी दसऱ्याच्या सकाळी तिथे मंजुश्रीच होती. चूक ही बेइमानी नव्हे, हे चिंताकीत कोण ऐकून घेणार?

४

दुपारी घरी मंजुश्रीला समोर बसवून सरांनी नवा कागद घेतला.

"दसऱ्याच्या सकाळी काय काय केलंस? एकही गोष्ट गाळू नको, कितीही क्षुल्लक असो."

"कुलूप काढलं. झाडून घेतलं. सर्व्हरवरची फुलं उचलली, हळद-कुंकू पुसलं. मशीन चालू केलं. मग संघाचं पत्र—"

"थांब. मशीन चालू केलं? ते बंद कशाला होतं?"

मंजुश्रीने त्यांच्याकडे नवलाने पाहिले. "खंडेनवमी होती की, सर. आयुधं पुजायची तर यंत्र बंद ठेवावं लागतंय. आदल्या दिवशी दुपारी अण्णांनी सोता बंद केलं, नारळ फोडला. दसऱ्याला सकाळी मी चालू केलं."

"एरवी कधी बंद करता?"

"कवाच न्हाई. बॅटरी हाय, वीज गेली तरी चालतंय. मागच्या खंडेनवमीला बंद केलतं, त्यानंतर ह्या खंडेनवमीलाच."

सर खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी गेले. त्यांच्या स्वतःच्या घरी आयुधपूजा नव्हती. पण तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत तीस वेळा त्यांनी ती पाहिली होती आणि दसऱ्यानंतर कामाचा पहिला दिवस कसा असतो, ते त्यांना ठाऊक होते. फिरत्या लेथवर जो सैलपणा महिनोन्‌महिने कळत नाही, तो लेथ थांबून पुन्हा फिरू लागला की कळतो. त्या दिवशी सारे जण ओरडत ते बटण दाबणाऱ्यावर. बोल्ट सैल सोडणारा मात्र केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असे.

"मंजुश्री, वेबसाइटची ती ओळ बदलली, तर बदल कधी लागू होतो?"

"सर्व्हिस बंद करून चालू केली की. तोवर सर्व्हर जुनंच धरून बसतो, सुरू होताना एकदा वाचलेलं. मी तर काय बी बदललं की लगेच करते. पण दोन म्हैन्यांत काय बदललंच न्हाई..." ती मध्येच थांबली. तिचा हात तोंडाशी गेला. "सर! ओळ दसऱ्याला पुसलीच न्हाई!"

"बोल, पुढं बोल."

"ती आधीच पुसली होती. कितीतरी दिवस आधी! सर्व्हरला कळलंच न्हाई. पूजेला बंद झाला आणि दसऱ्याला मी चालू केला, तवा पैल्यांदा तेनं फाइल वाचली!"

"शाब्बास. आता प्रश्न उरला एकच. कोणी आणि कधी? चिंताकीची फाइल तर बोलत नाही."

त्यांनी पाचही फाइलींच्या प्रती मेजावर ओळीने मांडल्या. पहिल्या तीन स्वच्छ निघाल्या. चौथी चिंताकीची, तिच्यावर व्यंकटच्या दुरुस्तीची तारीख. पाचवी आळंदच्या कॉलेजची, अजून सुरूच न झालेल्या साइटची. तिच्यावरून बोट फिरवताना मंजुश्री किंचाळलीच.

"सर, हे बगा! आळंदच्या फाइलीत चिंताकीची ओळ हाय! 'माझी पत्रे चिंताकीच्या खात्यातून पाठव.' जशीच्या तशी!"

"तिथली ओळ इथं आली. आणि फाइलीची तारीख?"

"सतरा सप्टेंबर. सकाळी अकरा एक्केचाळीस." तिने मान वर केली. "पण सर, सतरा सप्टेंबर म्हणजे कल्याण कर्नाटक दिवस. सगळीकडं सुट्टी. मी चिंताकीत शाळेच्या झेंडावंदनाला होते. आणि आळंदचं गिऱ्हाईक येणार हे तर मला दसऱ्यानंतर कळलं!"

सरांनी लॉगमध्ये सतरा सप्टेंबरचे पान काढले. सुट्टीच्या त्या दिवशी एकच पत्र गेले होते. अकरा शेचाळीसला, चिंताकीच्या साइटवरून, चिंताकीच्याच नावाने. ते कोणाला पाठवले होते, हे वाचून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"उद्या सकाळी व्यंकटकडून किल्ली मी मागून घेतो," ते म्हणाले. "तू बिदरला सर्व्हरजवळ बस. मी त्याला बरोबर घेऊन कलबुर्गीला जातो."

५

हुमनाबादमार्गे कलबुर्गीपर्यंत व्यंकट अखंड बोलत होता आणि सर अखंड ऐकत होते. मागच्या आसनावर सुशीलाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या; त्यांना कोणी काही सांगितले नव्हते आणि ते त्यांना मुळीच आवडले नव्हते.

खरेदी समितीच्या अध्यक्षा विजयश्री मॅडम यांचे बोलणे नेमके होते.

"तुमच्याकडं दहा मिनिटं आहेत. संघ गिरणीचा नाही, हे शपथेवर सांगू नका. शपथा आम्हाला रोज मिळतात."

"शपथ नाही, मॅडम. तीन पत्रं दाखवतो," सर म्हणाले आणि त्यांनी मंजुश्रीला फोन लावला.

पहिले पत्र आले. समितीच्या पडद्यावर पाठवणाऱ्याचे नाव : चिंताकी महिला डाळ उत्पादक संघ.

"आता ओळ पूस, मंजुश्री. बाकी कशाला हात लावू नको. दुसरं पत्र पाठव."

दुसरे पत्र आले. नाव : चिंताकी महिला डाळ उत्पादक संघ.

"ओळ पुसली ना?" विजयश्री मॅडम पुढे झुकल्या.

"पुसली," फोनमधून आवाज आला. "फाइलीत ती ओळ न्हाई आता, मॅडम."

"तरी नाव बदललं नाही, हे ध्यानात घ्या," सर म्हणाले. "आता सर्व्हर बंद करून चालू कर."

सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटे लागली. सुशीलाबाई घड्याळाकडे पाहत होत्या. मग तिसरे पत्र पडद्यावर उतरले. मजकूर तोच, सही तीच, आणि नाव : त्रिशूळ डाळ मिल, बिदर.

समितीतला एक सदस्य खुर्चीतून अर्धा उठला. विजयश्री मॅडम मात्र हलल्या नाहीत.

"हे तुम्ही आज घडवलंत. त्या दिवशी हेच घडलं, कशावरून?"

"रास्त प्रश्न आहे." सरांनी लॉगचे कागद त्यांच्यासमोर ठेवले. "दसऱ्यापासून संघाची चौदा पत्रं गिरणीच्या नावानं गेली, शुभेच्छासुद्धा. हरवलेली ओळ आम्हाला दुसऱ्याच संस्थेच्या फाइलीत सापडली, तारीख सतरा सप्टेंबर. म्हणजे तुमच्या प्रस्तावाच्या पंचवीस दिवस आधी. मधल्या काळात सर्व्हर बंद झाला नाही, म्हणून चूक झोपून राहिली. खंडेनवमीच्या पूजेला तो बंद झाला आणि दसऱ्याला चूक जागी झाली. बटण दाबणाऱ्या मुलीच्या माथी आळ आला."

"आणि सतरा सप्टेंबरला ओळ हलवली कोणी?"

सर उत्तर देऊ शकले असते. लॉगचा तो कागद त्यांच्या हातात होता. पण त्यांनी तो टेबलावर न ठेवता शेजारी बसलेल्या व्यंकटपुढे धरला, वर्गात तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती द्यावी तसा. त्यावरची ओळ एवढीच होती : अकरा शेचाळीस, चिंताकीच्या साइटवरून, प्रति : व्यंकट बिरादार.

व्यंकटचा चेहरा उतरत गेला. मग तो उभा राहिला.

६

"मी, मॅडम," तो म्हणाला. "मीच हलवली."

सुशीलाबाई वळल्या. "काय म्हणायलास, व्यंकट?"

"अक्का, आईशप्पत, मला आता ह्या घडीला कळायलंय. कचेरी माझी, पाटी माझी; पण सगळं काम त्या पोरीच्या हातात. गिऱ्हाईक आलं की म्हणतंय, मंजुश्री कुठं हाय? तिलाच बोलवा. मनाला लागायलं. म्हटलं आळंदचं काम आपण सोता करू, कुणाला न विचारता. म्हणून सुट्टी बगून गेलो. चिंताकीची ओळ नमुना म्हणून तिकडं उतरवून घ्यायची होती, नाव मागनं बदलणार होतो. उतरवायच्या जागी उचलूनच नेली असणार."

"पण तू तपासलं होतंस," सर म्हणाले.

"व्हय सर! चिंताकीवरनं मलाच पत्र धाडून बघितलं. बरोबर चिंताकीच्या नावानं आलं. म्हटलं, काय बी बिघडलं न्हाई. निर्धास्त घरी गेलो." त्याने खाली पाहिले. "सर्व्हर जुनंच वाचून बोलायलाय, हे मला ठावच नव्हतं. आणि खापर मी तिच्या डोक्यावर फोडलं."

टेबलावर फोन अजून चालूच होता.

विजयश्री मॅडमनी कागद एकत्र केले. "संघाचा प्रस्ताव वैध ठरवण्यात येत आहे. गिरणीवरची बंदीही उठते." त्यांनी इतर सदस्यांकडे पाहिले, माना हलल्या. बाकीचे दर त्यांच्यासमोर आधीच उघडे होते. संघाचा दर त्यांनी शेजारी धरला; तो सर्वांत कमी होता. त्यांनी पेन उचलले आणि त्या सुशीलाबाईंकडे वळल्या. "पहिला माल सोमवारी चालेल?"

"चालेल म्हणजे?" सुशीलाबाईंना एकदम कंठ फुटला. "उद्या म्हटलात तर उद्या धाडते, मॅडम!"

व्यंकट फोनकडे वाकला. "मंजुश्री, ऐकायलीस का? किल्ली आता तुझ्याकडंच ठेव. पगार वाढवतो. तू म्हणशील तसं काम. येशील न्हवं?"

"येते, अण्णा," फोनमधला आवाज आता घोगरा नव्हता. "पण आधी तुमी चिंताकीला यायचं. मला चोर म्हणायलेत ते समितीत न्हाई, गावात."

सोमवारी सकाळी व्यंकट चिंताकीला आला. संघाच्या दारात टेम्पो भरत होता, त्रेचाळीस बायका आणि बघायला आलेले निम्मे गाव जमले होते. त्याने काही सजवून सांगितले नाही. चूक आपली, आळ पोरीवर, आणि खरे शोधण्यात तिचा वाटा किती, हे सरळ सांगून त्याने सर्वांसमक्ष मंजुश्रीला हात जोडले.

तेवढ्यात चांगुणाबाईंनी, ज्यांनी चार-पाच दिवस विहिरीपासून दळणाच्या गिरणीपर्यंत ती बातमी पोचवली होती, पदर सावरला आणि ठणकावून म्हटले :

"मी तर पैल्यापासूनच म्हणायले, पोरगी सोन्यासारखी हाय!"

"कवा म्हणलीस गं, चांगुणा?" सुशीलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "बुधवारी माझ्याच ओट्यावर बसून काय म्हणायलतीस, सांगू का सगळ्यांना?"

"ते मी तुमची परीक्षा घ्यायलते, अक्का!"

असा हशा उठला की पोती चढवणाऱ्यांचे हात थांबले. सर्वांत मोठ्याने मंजुश्री हसत होती. हसत हसतच तिने टेम्पोची फळी वर लावली, खिटी घट्ट बसवली, हाताने ओढून पाहिली आणि चालकाला ओरडून सांगितले, "जाऊ द्या, अप्पा! कलबुर्गी!"